दहावीचा निकाल, कॉलेजचा दाखला आणि दुकानाची गादी

मार्च महिन्यात दहावीची परीक्षा आटोपली की आमच्या भिवंडीच्या कापड बाजारात काही नवे चेहरे दिसू लागतात. कुणी वडिलांच्या गादीवर कोपऱ्यात बसून ताके मोजतो, कुणी चिठ्ठी घेऊन सायझिंगवर जातो, कुणाला नुसते चहा सांगायला पळवले जाते. निकाल लागतो, पेढे वाटले जातात, कॉलेजात नाव लागते आणि हे चेहरे बाजारातून दिसेनासे होतात. इथपर्यंत सगळे ठीकच आहे. पण दिवाळीच्या सुमारास त्यांतील काही चेहरे पुन्हा गादीवर दिसतात आणि या वेळी ते परत कॉलेजात जात नाहीत. बाप सांगतो, "मुलाचे मन लागेना." मुलगा खाली मान घालून ताके मोजत असतो.

हे दुसऱ्यांदा परत येणे का घडते आणि ते कसे टाळता येईल, याविषयी आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांशी चार गोष्टी बोलाव्यात असे आमच्या मनात बरेच दिवस होते. आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नाही. पण या वाटेवर आम्ही स्वतः ठेचाळलेलो आहोत.

आम्ही १९८६ साली उर्दू शाळेतून दहावी झालो. ५८ टक्के गुण पडले. मोहल्ल्यात ते बरेच समजले गेले. वालिद साहेबांचे कापडाचे दुकान होते, तेव्हा कॉमर्सला जायचे हे न विचारताच ठरले. आमचाही विश्वास दांडगा होता. सहावीपासून दुकानाचा रोजनामचा आम्ही लिहीत होतो, खाती उतरवत होतो; बुक-कीपिंग म्हणजे आमच्या घरचाच विषय, असे वाटत होते.

पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर इंग्रजी टी काढला. डावीकडे डेबिट, उजवीकडे क्रेडिट. डेबिट म्हणजे नावे आणि क्रेडिट म्हणजे जमा, हे शेजारच्या मराठी मुलाने सांगितले तेव्हा तर आम्ही जास्तच चक्रावलो. कारण आमच्या बहीत डावी बाजू जमेची आणि उजवी नावेची! रोकड आली की ती आम्हीही डावीकडेच लिहीत होतो, पण तिला 'जमा' म्हणत होतो आणि सर तिला 'डेबिट' म्हणत होते. आज हा घोळ दोन मिनिटांत उलगडून सांगता येतो. आपल्या देशी बहीत पैसे आले की ज्याच्याकडून आले त्याचे नाव लिहून त्याच्या खाती जमा धरतात. इंग्रजी पद्धतीच्या कॅश बुकात मात्र खाते खुद्द रोकडीचे असते. रोकड आत आली म्हणून रोकडीला डेबिट. खतावणीत तर गिऱ्हाइकाचे खाते सरळ उलट्या बाजूने दिसते. हिशेब एकच, उभे राहण्याची जागा वेगळी. पण हे आम्हाला कुणी सांगितले नाही आणि विचारायचे कसे तेही कळेना, कारण प्रश्न उर्दूत सुचत होता आणि वर्ग इंग्रजीत चालत होता.

पहिल्या चाचणीत बुक-कीपिंगमध्येच आम्ही नापास झालो. ज्या विषयाचा गर्व होता त्यातच! घरी सांगितले नाही. मग तासांना दांडी, मग दिवाळीचा सीझन, त्याच सुमारास दुकानातले मेहताजी गावी गेले ते परतलेच नाहीत. वालिद म्हणाले, "काही दिवस तूच बघ." डिसेंबरात कॉलेज सुटले ते सुटलेच. वालिदांना आम्ही दोष देत नाही. त्यांना वाटले की मुलाला शिकायचेच नाही, आणि आम्ही त्यांना खरे कारण कधी सांगितले नाही. पुढे २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, त्यापाठोपाठ ई-वे बिल आले, लघुउद्योगाकडून माल घेतला तर ४५ दिवसांच्या आत पैसे चुकते न केल्यास तो खर्च आयकरात त्या वर्षी धरला जात नाही असा नियम २०२३-२४ च्या हिशेबापासून लागला. प्रत्येक वेळी आमच्या धंद्याचा कागद आम्ही दुसऱ्याकडून वाचून घेतला आणि वाचणाऱ्याला फी दिली.

खरी अडचण कुठे आहे

आजची मुले आमच्यापेक्षा पुढे आहेत हे मान्य केले पाहिजे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. महाराष्ट्रात २००० सालापासून ते पहिलीपासून शिकवले जाते. काही उर्दू शाळांनी गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याचे सेमी वर्गही काढले आहेत. तरीही उर्दू माध्यमाचा मुलगा अकरावी सायन्सला किंवा डिप्लोमाला गेला की पहिले तीन महिने त्याला जड जातात. शाळेत तो मुसल्लस, जाविया, कुव्वत, इसराअ म्हणत होता. आता ट्रँगल, अँगल, फोर्स, ॲक्सिलरेशन. वनस्पती उन्हात अन्न तयार करतात ही क्रिया त्याला 'जियाई तालीफ' म्हणून नीट समजलेली असते, पण 'फोटोसिंथेसिस'चे स्पेलिंग लिहिताना हात थांबतो.

आमच्या ओळखीचे एक यंत्रमागवाले आहेत. बारा मागांचे धनी, सचोटीचा माणूस. २०२५ साली त्यांचा मुलगा दहावीला ७६ टक्के गुणांनी पास झाला, सायन्सला गेला. पुढे पहिली चाचणी झाली. हे गृहस्थ ग्रे मालाचे चलान घेऊन दुकानावर आले आणि म्हणाले, "सेठ, पोराला फिजिक्समध्ये पंचवीसपैकी चार मिळाले. त्याच्या डोक्यात बसत नाही, उगाच फी कशाला भरायची? मागावर घालतो." आम्ही मुलाला बोलावून घेतले आणि उर्दूत विचारले की इसराअ म्हणजे काय. त्याने लगेच सांगितले, रफ्तार बदलण्याची शरह. वर मोटारसायकलचे उदाहरणही दिले. मग परचा मागवून पाहिला. तोच प्रश्न इंग्रजीत होता आणि उत्तराची जागा कोरी. आम्ही विचारले, "प्रश्न कळला नव्हता का?" तो म्हणाला, "चाचा, कळला होता. वाक्य जमले नाही."

बांधवांनो, चार गुण डोक्याचे नव्हते, वाक्याचे होते. सूत चांगले आहे, पण बीमच भरला नाही तर कापड कुठून निघणार? बापाला हा फरक ओळखता आला पाहिजे. पहिल्या चाचणीच्या गुणांवरून मुलाची लायकी ठरवणे म्हणजे नव्या मागावरचा पहिला वार पाहून माग भंगारात काढणे.

उपाय काय? परीक्षा मार्चमध्ये संपते. दहावीचा निकाल पूर्वी जूनमध्ये लागत असे. २०२५ साली तो १३ मे रोजीच लागला, तरी त्या वर्षी अकरावीचे वर्ग सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. म्हणजे चार महिने हातात असतात. ते सगळे ताके मोजण्यात घालवू नयेत. बालभारती एकच पाठ्यपुस्तक उर्दू, मराठी, इंग्रजी अशा निरनिराळ्या माध्यमांत काढते. विज्ञानाचा तोच धडा, त्याच आकृत्या, तेच स्वाध्याय. ही पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. दहावीचे उर्दूतले विज्ञानाचे पुस्तक आणि त्याचीच इंग्रजी प्रत शेजारी शेजारी ठेवावी. रोज दोन पाने. जे उर्दूत कळलेले आहे तेच इंग्रजीत वाचायचे असल्याने शिकवणीवाल्याची गरज पडत नाही. मात्र नुसते वाचून भागणार नाही. रोज पाच व्याख्या इंग्रजीत लिहून काढाव्यात, कारण परीक्षा लिहून द्यायची असते. कॉमर्सला जाणाऱ्याने अकरावीचे इंग्रजीतले बुक-कीपिंगचे पुस्तक घ्यावे आणि पहिले तीन धडे दुकानाची वही समोर ठेवून वाचावेत: रोजनामचा कुठे, जर्नल कुठे, खतावणी कुठे, लेजर कुठे. जमा-नावेची बाजू उलटी आहे हे घरीच समजले तर आमच्यासारखी फजिती होणार नाही.

त्या यंत्रमागवाल्यांच्या मुलाचे पुढे काय झाले, असे कुणी विचारील. तो रोज इशाच्या नमाजनंतर चुलत बहिणीकडे बसू लागला; ती त्याच्याहून दोन वर्षे पुढे. सहामाहीत फिजिक्स व केमिस्ट्रीत पास झाला, गणितात राहिला. वडिलांनी अजून त्याला मागावर घातलेले नाही, पण "गणिताचे काय?" असे ते आम्हाला दर जुम्म्याला विचारतात.

कोणती शाखा घ्यावी

याबाबत आमच्याकडे एक खोड आहे. जास्त गुण पडले की सायन्स, मध्यम पडले की कॉमर्स आणि काठावर पास झाला की आर्ट्स, अशी गुणांची चाळणी लावली जाते. मुलाला काय आवडते आणि घराचा धंदा काय मागतो, हे दोन्ही प्रश्न बाजूला राहतात.

कापडाच्या धंद्यातील घरांनी डिप्लोमाचा विचार जरूर करावा. दहावीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि तो संपल्यावर इंजिनीअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. बारावी सायन्स करून सीईटीमार्गे जाणाऱ्यांसाठी वस्त्रोद्योगाची पदवी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये आहे, इचलकरंजीच्या डीकेटीईमध्ये आहे, नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी संस्थेत आहे. व्हीजेटीआय ही १८८७ सालची संस्था, मुंबईच्या गिरण्यांच्या जोडीने वाढलेली. आमच्या समाजाच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या माग आहेत, पण आम्ही मागावरच राहिलो. मागाचा, रंगाचा, प्रक्रियेचा शास्त्रीय अभ्यास केलेली माणसे आमच्यात फार थोडी निघाली. मुंबईत भायखळ्याला साबू सिद्दीक संस्थेत इतर शाखांचा डिप्लोमा होतो. ती अंजुमन-ए-इस्लामची संस्था आहे आणि अंजुमन १८७४ पासून शिक्षणाच्या कामात आहे.

कॉमर्स घेणाऱ्यांना एक सांगायचे आहे. सीएचे नाव काढले की आमच्याकडे लोक हसतात, जणू ते काम दुसऱ्याच जमातींचे. सीएच्या फाउंडेशनसाठी दहावीनंतर नाव नोंदवता येते आणि बारावी झाल्यावर परीक्षा देता येते. पूर्वी तीन वर्षे आर्टिकलशिप करावी लागे, २०२३ च्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. परीक्षा कठीण आहे, अनेकजण दोन-तीन वेळा बसतात. पण बाजारात उधारी वसूल करायला आपण वर्ष वर्ष थांबतो, मग मुलाला आणखी एक संधी देताना घाई कसली?

ज्यांना बारावीनंतर साधी पदवी घ्यायची आहे त्यांच्यासाठी २०२४-२५ पासून महाराष्ट्रातील कॉलेजांत नव्या शैक्षणिक धोरणाची पद्धत आली आहे. आता पहिले वर्ष पुरे करून, ठरवून दिलेला जादा कौशल्य अभ्यास केला, तर प्रमाणपत्र मिळते, दोन वर्षांनी त्याच रीतीने डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी आणि चौथे वर्ष केले तर ऑनर्सची पदवी. मिळवलेली क्रेडिट्स विद्यार्थ्याच्या नावे जमा राहतात. आपल्या भाषेत सांगायचे तर खाते बंद होत नाही, शिल्लक पुढे ओढली जाते. मुलाला मध्येच सोडायला लावण्याची सबब म्हणून मात्र कुणी हे वापरू नये. एखाद-दोन विषयांत राहिल्यास पुढच्या वर्गात बसू देणारी एटीकेटी नावाची सोय असते, ती काय आहे हेही बापाने समजून घ्यावे. 'एटीकेटी लागली' हे ऐकून घरात मातम करू नये.

कागदपत्रे

आमच्या मुलांचे नुकसान अभ्यासाइतकेच कागदांमुळे होते, असे आमचे मत आहे. शाळेच्या दाखल्यावर 'शेख मोहम्मद', आधारवर 'शेक मोहमद', गुणपत्रिकेवर नुसते 'एमडी'. स्पेलिंगचा हा फरक प्रवेशाच्या खिडकीत नडतो. नाव, वडिलांचे नाव व जन्मतारीख मूल शाळेत असतानाच तपासून घ्यावी. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर दुरुस्ती फार अवघड होते.

दुसरी बाब जातीच्या दाखल्याची. मोमीन, अन्सारी, जुलाहा, पिंजारी, बागवान, अत्तार, तांबोळी अशा आमच्या अनेक कारागीर जमाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. पण दाखला मिळवायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होते आणि जात अमुक होती, याचा पुरावा लागतो. इथेच गाडी अडते. आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात 'मुसलमान' एवढेच लिहिलेले असते, आणि कित्येक आजोबा तर शाळेतच गेले नाहीत. मग जुना खरेदीखताचा कागद, जन्ममृत्यूची नोंद, वडिलांच्या चुलत्याचा शाळेचा दाखला, असे शोधत फिरावे लागते. भिवंडीत उत्तर प्रदेशातून आलेली बरीच कुटुंबे आहेत. जी त्या तारखेनंतर आली त्यांना येथील सवलत मिळत नाही. हे आधी माहीत असावे म्हणजे एजंटाला पैसे देऊन फसगत होत नाही. हा शोध मुलगा आठवीत असतानाच सुरू करावा, निकालाच्या दिवशी नव्हे. दाखल्याबरोबर नॉन-क्रिमी लेयर लागते. त्याची उत्पन्नाची मर्यादा २०१७ पासून वर्षाला ८ लाख आहे, आणि त्या कागदावर ३१ मार्चची मुदत असते. फेब्रुवारीत काढून निश्चिंत बसलेले लोक जूनमध्ये पुन्हा रांगेत उभे असतात.

अकरावीचा अर्ज २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. त्यात दहापर्यंत कॉलेजे पसंतीच्या क्रमाने भरता येतात. पहिल्या क्रमांकावर लिहिलेले कॉलेज मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जाते. म्हणून पहिला क्रमांक सायबर कॅफेवाल्या मुलाला विचारून भरू नये. घरी बसून, जाण्यायेण्याचे अंतर पाहून भरावा. अल्पसंख्याक संस्थांच्या कनिष्ठ महाविद्यालयांत निम्म्या जागा त्या अल्पसंख्याक समाजाच्या मुलांसाठी असतात. त्यासाठी अर्जात वेगळी पसंती नोंदवावी लागते. ती न नोंदवल्यामुळे गुण असूनही मुले राहून जातात.

मुलींविषयी थोडेसे. राज्यात दहावीच्या निकालात मुली वर्षानुवर्षे मुलांच्या पुढे आहेत. आमच्या घराघरांत तेच चित्र आहे, तरी दाखल्यासाठी धावपळ मुलाची होते. ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतील ज्या मुलींच्या घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी २०२४-२५ पासून राज्य सरकार पूर्ण भरते. प्रवेश सरकारी प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. जिथे मुलाच्या इंजिनीअरिंगसाठी दुकान गहाण टाकण्याची वेळ येते, तिथे त्याच्याच बहिणीला ते शिक्षण जवळपास फीशिवाय मिळू शकते. हा हिशेब एकाही व्यापाऱ्याने आम्हाला मांडून दाखवलेला नाही.

दुकान आणि कॉलेज

दुकानात मुलाचा हात लागतो हे आम्हीही जाणतो. पगारी माणूस ठेवण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. म्हणून मुलाने दुकानात पाय ठेवू नये असे आम्ही म्हणणार नाही. अनेक कॉलेजांत पदवीचे कॉमर्सचे वर्ग सकाळी भरून दुपारच्या आत सुटतात. त्यानंतर तीन तास तो गादीवर बसला तर त्याचेही शिकणे होते. पण हजेरी ७५ टक्के लागते आणि परीक्षेच्या तारखा सीझन पाहून पडत नाहीत. सहामाही बहुधा दिवाळीच्या तोंडावर येते, नेमकी तेव्हाच आपल्याला माणसे कमी पडतात. जून महिन्यातच कॉलेजचे वेळापत्रक घेऊन ते दुकानात कॅलेंडरच्या शेजारी चिकटवावे आणि त्या दिवसांसाठी हंगामी माणूस आधी सांगून ठेवावा. त्याची मजुरी त्या वर्षीच्या खर्चात फीबरोबरच धरावी.

आमच्या धाकट्या मुलीने यंदा अकरावी कॉमर्सला नाव घातले आहे. वेळापत्रक तिने आणून दिले ते आम्ही चिकटवले आहे. गेल्या आठवड्यात ती आमची जुनी बही उघडून बसली होती आणि विचारत होती की, "अब्बा, इथे जमा डावीकडे का आहे?"